मधल्या गुलाबाची जागा

हागेलब्रोक, १४ डिसेंबर १९८४

प्रिय लिओबा हिस, थेक्लाचे अनेक आशीर्वाद.

आज पोस्टमनने आणून दिलं ते असं: पुठ्ठ्याचं खोकं एक, बुटांचं, मीच तुला पाठवलेलं तेच. आत सुतळी, नीट गुंडाळलेली. बाकी काही नाही. टपालखर्च तुझा, चार मार्क दहा पेनिंग, म्हणजे जाताना मला पडला तेवढाच. जाताना त्यात नाताळाआधीच्या चार रविवारांचं कडं होतं. आतला पेंढ्याचा गोल घरचा. फरच्या डहाळ्या ह्यांनी कुंपणावरून कापून आणल्या, त्या फुकट. हिरवी तार एक रीळ, नव्वद पेनिंग. लाल मेणबत्त्या चार, दोन मार्क चाळीस. तुझ्याकडून काही हवं म्हणून हे लिहीत नाही. लिहून काढल्याशिवाय माझा जीव स्वस्थ होत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

आता खोकं टेबलावर आहे आणि घरात मतं तीन. हे म्हणतात, "खोकं परत आलं, कडं नाही आलं. म्हणजे कडं ठेवून घेतलं. यात एवढा विचार कसला करायचा?" आई म्हणते, "चांगलं खोकं टाकायचं नाही हे तिला मीच शिकवलंय." बाबांनी खोकं उघडलं, आत पाहिलं, पुन्हा बंद केलं आणि गुरांकडे गेले. मला मात्र रिकामं खोकं म्हटलं की भलतंच आठवतं. तुलाही आठवलं असेल. म्हणूनच तर पाठवलं नसशील ना?

तेव्हा त्याबद्दल एकदाच लिहिते आणि संपवते. मुलीने लग्नाशिवाय पंचविशी गाठली की तिला 'जुनं खोकं' म्हणायचं, वाढदिवसाला तिच्या दारावर रिकाम्या खोक्यांचं तोरण लावायचं, ही थट्टा मी काढलेली नाही. मुलग्यांना मोज्यांचं लावतात. समोरच्या क्लेमेन्सला एकोणचाळीस मोजे लागले होते, त्यातले सहा तो अजून वापरतो. तुझ्या वेळी गल्लीतल्या पोरींनी ठरवलं. मी फक्त तार दिली. लुडगरने आठवडाभरापूर्वीच तुझ्याशी झालेला साखरपुडा मोडलाय हे कुणाला माहीत होतं? तू सांगितलं असतंस तर कुणीच काही केलं नसतं. पण तू सकाळी दार उघडलंस, तोरण पाहिलंस, आणि दुपारच्या बसने गेलीस ती गेलीसच. बारा वर्षं नुसती सणावाराची कार्डं.

असो. लिहायचं कारण वेगळं आहे. येत्या १२ ऑक्टोबरला आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील. दारावर सोनेरी गुलाबांचं तोरण लागेल. पहिला शेजार आल्विनाकाकूंचा, तेव्हा पुढाकार त्यांचा. सगळं रीतीप्रमाणे व्हायचं, पण रविवारी चर्चमधून येताना बाबांनी सांगून टाकलं, "दोन्ही पोरी दारात उभ्या असल्या तर मी तोरणाखालून आत जाईन. नाहीतर गोठ्याच्या दाराने."

आई म्हणाली, "आणि मी काय एकटीने जायचं तोरणाखालून?"

"तू जा. फोटो तसाही तुझाच चांगला येतो."

हसण्यावारी नेऊ नकोस. बाबांनी आजवर म्हटलेलं केलेलं नाही असं झालेलं नाही. सव्वीस वर्षं ते सहकारी डेअरीच्या चेअरमनशी बोललेले नाहीत, आणि चेअरमन तीनदा बदलले.

प्रभू तुला सुखी ठेवो. खोकं मी जपून ठेवलं आहे.

थेक्ला

&nbsp;

हागेलब्रोक, ११ एप्रिल १९८५

प्रिय लिओबा,

खोकं पोचलं. या खेपेला सुतळीबरोबर शिंपले होते, सतरा, धुऊन वाळवलेले, तुमच्या बेटावरच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले. वर्तमानपत्रावर मी इस्त्री फिरवली आणि अक्षरन् अक्षर वाचलं. तुझ्या लोकरीच्या दुकानाची जाहिरात तिसऱ्या पानावर आहे. 'उरलेली लोकर परत घेतली जाईल.' आईने ते वाक्य दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "आपलीच आहे."

ईस्टरचं कडं धड पोचलं की नाही ते तू लिहीत नाहीस, पण शिंपले आले त्या अर्थी अंडी फुटली नसावीत असं मी धरून चालले आहे. बारा अंडी फुंकून रिकामी केली, कांद्याच्या सालीत उकळून रंगवली. आतलं वाया कसं जाऊ द्यायचं? चार दिवस घरात ऑम्लेट. हे म्हणाले, "तुझ्या बहिणीला पुढच्या वेळी असं काहीतरी पाठव की ज्याचं उरलेलं मला आवडतं." सासरेबुवांच्या घरात राहायला आलेला माणूस एवढं बोलतो, म्हणजे चारही दिवस ऑम्लेटच होतं हे समजून घे.

बाबांनी शिंपल्यांना बारीक भोकं पाडली. मी पुढच्या दारावर वाळुंजाच्या कोवळ्या डहाळ्यांचं कडं लावलं होतं, त्यात ते त्यांनी स्वतः ओवले. ओवताना मी "द्या इकडे" म्हटलं तर म्हणाले, "तुला दिलेत का तिने?" आता वारा आला की दार किणकिणतं आणि आमचा कुत्रा पाहुणा आला म्हणून भुंकतो.

गेल्या पत्रात मी लिहिलं होतं की मी फक्त तार दिली. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत ते वाक्य मला सारखं टोचत राहिलं. खरं असं की खोकीही मीच जमवली. सिगारेटची, साबणाची, काडेपेट्या, पोरी कसल्या जमवणार? आणि बांधलंही मीच, कारण या गावात सरळ गाठ माझ्याशिवाय कुणाला येत नाही. तेवढं खरं लिहिलं. लुडगरचं मात्र मला ठाऊक नव्हतं.

आईचा गुडघा बरा आहे. येणार की नाही ते कळव. पन्नास वर्षांचा समारंभ म्हणजे खुर्च्या भाड्याने सांगाव्या लागतात.

थेक्ला

&nbsp;

हागेलब्रोक, २७ जून १९८५

प्रिय लिओबा,

खोकं उघडलं आणि मी उभी होते ती बसले. कडं. तू केलेलं. वाळूवरच्या गवताचं, समुद्राचा वास असलेलं, मधे राखाडी लोकरीचे तीन विळखे. तू केलंस हे चिठ्ठीवरून कळलं असतं, पण चिठ्ठी नव्हती. पहिल्या जुडीवरून कळलं. सगळ्या जगाचं कडं एका बाजूला फिरतं, तुझं उलटं. आई त्याच्यावरून बोट फिरवत म्हणाली, "डावरी ती डावरीच राहिली." मग एप्रनच्या टोकाने डोळे पुसले आणि कांदा चिरायचा आहे म्हणाली. कांदा त्या दिवशी कशातच नव्हता.

जिथे पहिली जुडी सुरू होते तिथे शेवटच्या जुडीचे देठ तिच्या पोटाखाली सरकवायचे, हे तू अजून तसंच करतेस. जोड मला सापडला नाही. मी भिंग घेऊन पाहिलं.

आता वाईट बातमी. ते आम्ही पुढच्या दारावर लावलं आणि सोमवारी वासरू सुटलं. अर्ध्याहून जास्त खाल्लं. बाबा म्हणाले, "मीठ लागलं त्याला, त्याचा काय दोष." उरलेला भाग आईने तिच्या पलंगावर क्रुसाच्या मागे खोचला आहे. वासरू ठणठणीत आहे.

सोबत सेंट जॉनच्या सणाचं कडं पाठवते आहे, शेतातली पिवळी फुलं आणि पांढऱ्या डेझी, सात जातींची फुलं मोजून. वाटेत सुकेल. सुकलेलंच छान दिसतं.

गुलाबांचं काम सुरू झालं. गल्लीत घरं अकरा, घरटी वीस सोनेरी गुलाब, क्रेप कागदाचे. मी सवयीने कात्री घेऊन आल्विनाकाकूंच्या कोठारात गेले तर त्यांनी दारातच अडवलं.

"तू कुठे निघालीस?"

"गुलाब करायला."

"तुझ्याच दाराचं तोरण, तूच बांधणार? घरच्यांनी हात लावायचा नाही. जा, कॉफी कर आमच्यासाठी."

"काकू, निदान पाकळ्या कशा ओढायच्या ते तरी दाखवते. हे गुलाब आहेत की कोबी?"

"कोबी असले तर कोबी. आमचे आहेत. आणि ज्याने गुलाब केला त्यानेच तो तोरणात बांधायचा, तेव्हा तुझ्या हाताला इथे काम नाही."

मी कॉफी केली. तीन पातेली. माझ्या हातांना इतकी खाज सुटली की घरी येऊन सगळ्या खिडक्या पुसल्या. ह्यांनी विचारलं, "कुणी येणार आहे का?" मी म्हटलं, "ते तिलाच विचारा."

पण लिओबा, मला एक गोष्ट तिथे सुचली. तू या घरात राहत नाहीस. तू बेटावरची. आल्विनाकाकूंना विचारलं तर त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "ज्याचा पत्ता दुसरा, तो पाहुणा. पाहुण्याला हात लावता येतो." म्हणजे आईबाबांच्या तोरणात आपल्या दोघींपैकी कुणाचा हात लागू शकत असेल तर तो तुझाच.

खुर्च्यांचं अजून कळवलं नाहीस.

थेक्ला

&nbsp;

हागेलब्रोक, ८ सप्टेंबर १९८५

प्रिय लिओबा,

दहा आठवडे झाले, खोकं आलं नाही. वासराचं लिहायला नको होतं असं हे म्हणतात. मला वाटत नाही वासरामुळे असेल. हे कडं साबणाच्या खोक्यातून पाठवते आहे: माळावरचं जांभळं हेदर, रानगुलाबाची लाल फळं, काठाला हॉप्सची वेल. आज मरियेचा जन्मदिवस. आज खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

गेल्या आठवड्यात कोठारात कॉफी घेऊन गेले तेव्हा आल्विनाकाकू तोरणाची लांबी मोजत होत्या. मोजता मोजता म्हणाल्या, "या दाराला तोरण लावायचं म्हटलं की मला ते खोक्यांचं आठवतं. काय गं, मधली ती निळी डबी कुणाची होती?" मी म्हटलं, "कुठली निळी?" आणि किटली त्यांच्या पायावर सांडली. काकूंचा पाय आता बरा आहे.

शनिवारी फादरकडे पापनिवेदनाला गेले. सगळं सांगितलं.  जाळीपलीकडून ते म्हणाले, "देवाचं मी बघतो. पण तुम्ही हे पत्र चुकीच्या पत्त्यावर टाकलंत." तेव्हा बरोबर पत्त्यावर लिहिते.

तुझ्या वाढदिवसाच्या आधीच्या मंगळवारी मी कचऱ्याची बादली खड्ड्यावर रिकामी करायला नेली. बटाट्याच्या सालींखाली एक निळी मखमली डबी होती. उघडली. आत अंगठी नव्हती, अंगठीची खाच होती. मला तिथेच सगळं कळलं. तू दोन दिवस जेवली का नव्हतीस तेही कळलं. मी डबी पुसली आणि एप्रनच्या खिशात टाकली. चांगली डबी आहे, टाकवत नाही, असं स्वतःला सांगितलं. मी दोरीचा तुकडाही टाकत नाही, त्यामुळे ते मला लगेच पटलं.

आणि शनिवारी तोरण बांधताना ती मी मधोमध बांधली. बरोबर मधे. दोन्हीकडे बावन्न बावन्न खोकी.

का बांधली ते लिहायला मला तेरा वर्षं लागली. मला आनंद झाला होता, लिओबा. तू लग्न करून ब्रेमेनला जाणार होतीस आणि मी या घरात तुझ्याशिवाय राहणार होते, कडी बांधायला एकटी, हसायला एकटी. डबी हाती लागली आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो, आता ही जात नाही. मला वाटलं, सगळी गल्ली हसेल, तूही हसशील, लुडगरची गोष्ट थट्टेत निघून जाईल, आणि पुढच्या हिवाळ्यात आपण दोघी पुन्हा त्याच बाकावर बसून डहाळ्या कापू. तू राहावीस म्हणून मी ते केलं, आणि त्यानेच तू गेलीस.

दुपारी तुझी बस सुटल्यावर मी तोरण उतरवलं. एकशे चार खोकी जिथल्या तिथे होती. मधली डबी नव्हती. तार कात्रीने कापलेली, डाव्या हाताने कापतात तशी तिरकी. म्हणजे ती कुठून आली आणि कुणी बांधली हे तुला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तुला कळलंय हे मला. तरी डिसेंबरात मी लिहिलं, मी फक्त तार दिली, आणि वर तुलाच दोष दिला की तू सांगितलं नाहीस.

क्षमा मागते. आईबाबांसाठी नाही, समारंभासाठी नाही. त्यांच्यासाठी तू आलीस आणि माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. मी स्वयंपाकघरात राहीन, तिथे तशीही पुष्कळ कामं आहेत. तू पुढच्या दारात उभी राहा.

बाबांनी काल गोठ्याच्या दारासमोरचा चिखल फळ्या टाकून झाकला. तिथून कुणी चांगले बूट घालून आत जाणार असल्यासारखा. आईने पाहिलं आणि दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही.

थेक्ला

&nbsp;

हागेलब्रोक, ८ ऑक्टोबर १९८५, मंगळवार

लाडक्या लिओबास,

आज सकाळी पोचलं ते: बुटांचं खोकं एक, आपलंच, कोपऱ्यांना आता चिकटपट्ट्या. आत राखाडी लोकर, भरपूर, नुसती भरायला म्हणून वापरलेली, पण मी ती गुंडाळून ठेवली आहे, हातमोज्यांचा एक जोड नक्की होईल. लोकरीच्या पोटात निळी मखमली डबी. टपालखर्च चार मार्क चाळीस, दर वाढलेले दिसतात.

डबी मी लगेच उघडली नाही. हात धुतले, एप्रन बदलला, मग उघडली. अंगठीच्या खाचेत सोनेरी कागदाचा गुलाब, देठाला तार गुंडाळलेला. पाकळ्या उलट्या वळणाच्या.

चिठ्ठी शोधली. लोकर पूर्ण उलगडून पाहिली. चिठ्ठी नाही. हे म्हणाले, "गुलाब आला म्हणजे ती येतेय." आई म्हणाली, "येणारा माणूस गुलाब हातात घेऊन येतो. टपालाने पाठवला म्हणजे ती येत नाहीये." मग दोघं माझ्याकडे बघायला लागली, जसं काही माझ्या हिशेबाच्या वहीत उत्तर लिहिलेलं आहे. बाबांनी डबी हातात घेतली, खिडकीशी नेली, मिटली, उघडली. विचारलं, "हिचा चाप अजून घट्ट आहे. कुठली आहे ही?" मी त्यांना सगळं सांगितलं, आईसमोर, उभ्याने. बाबांनी डबी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही दोघी एकमेकींना खोकी काय पाठवत बसलात? पेन नव्हतं का घरात?"

आई म्हणाली, "तुम्ही चेअरमनला लिहिलंत का कधी?"

दुपारी गुलाब घेऊन कोठारात गेले. हिरवाई परवाच बांधून झाली आहे, दोनशे वीस गुलाबही लागले आहेत, सध्या तोरण कोठारात तुळईला टांगलेलं आहे, गुरुवारी संध्याकाळी दारावर चढेल. 'पन्नास'ची पाटी मधे, आणि तिच्यावर पहिल्या शेजाराचा गुलाब, म्हणजे आल्विनाकाकूंचा, सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत कोबीसारखा. मी डबी उघडून पुढे केली. काकूंनी डबी ओळखली. माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही, आणि त्यासाठी मी त्यांना पुढच्या वर्षीची नाताळची कडी फुकट बांधून देणार आहे.

"हा कुणाचा?"

"लिओबाचा."

त्या शिडीवर चढल्या, स्वतःचा गुलाब मधून सोडवला आणि हातभर खाली बांधला. म्हणाल्या, "माझ्या कोबीला बाजूला सरकायला लाज वाटत नाही." मग खाली उतरून कॉफी मागितली.

मी म्हटलं, "काकू, तिचा लावायचा राहिला ना."

"ज्याने केला त्याने बांधायचा."

"पण ती येते की नाही, आम्हाला ठाऊकच नाही."

"मग मधली जागा मोकळी राहील. नियम काही मी काढलेला नाही."

मी पाया पडायची बाकी राहिले, पण त्या हलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुझ्या हातचा एकही गुलाब यात नाही, आणि एकही गाठ नाही. त्या पोरीला तेवढं कळव."

ते कळवते. लिओबा, या तोरणाला माझा हात लागलेला नाही. तारसुद्धा माझी नाही.

गुलाब डबीत आहे, डबी माझ्या खिशात. तुझी डाव्या हाताची कात्री तुझ्याच खणात होती, मी तिला धार लावून आणली आहे. खुर्च्या तुला धरून सांगितल्या. बाबांनी आज पुढच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. तेलाचा डबा घेऊन ते गोठ्याच्या दाराकडेही गेले, तिथे जरा उभे राहिले, आणि न घालताच परत आले.

स्टेशनवरून बस सकाळी दहा दहा, दुपारी पावणेतीन आणि संध्याकाळी सव्वापाच. शनिवारी संध्याकाळची नसते. तीनच्या सुमाराला आईबाबा चर्चमधून परत येतील, तेव्हा शिडी दाराशीच ठेवते. सोबत कार्ड आहे, माझा पत्ता लिहून, तिकीट लावून. मजकूर लिहायचा नसेल तर लिहू नकोस. उलट टपाली नुसती बसची वेळ टाक.

तुझी,
थेक्ला